झेन आणि जपानी संस्कृती : एका समीकरणाची चिकित्सा

१

एखाद्या परकीय संस्कृतीचे सारे रहस्य एकाच शब्दात साठविलेले आहे, असे मानण्याची प्रवृत्ती विद्वत्तेच्या इतिहासात जुनीच आहे. भारताच्या बाबतीत ‘अध्यात्म’ या शब्दाकडून पाश्चात्त्य अभ्यासकांनी जे काम करून घेतले, तेच काम जपानच्या बाबतीत विसाव्या शतकात ‘झेन’ या शब्दाकडून करून घेण्यात आले. जपानी उद्यान, चहाचा विधी, हायकू, मसीचित्र, पुष्परचना, धनुर्विद्या, तलवारबाजी, एवढेच नव्हे तर जपानी माणसाचे मौन आणि त्याचा शिष्टाचार यांचाही उगम झेनमध्ये आहे, अशी समजूत इंग्रजी वाचणाऱ्या जगात १९५० नंतरच्या दशकात दृढ झाली. ही समजूत कशी घडली, तिच्यात तथ्यांश किती आणि तिच्यामुळे जपानी संस्कृतीच्या कोणत्या अंगांवर पडदा पडला, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

या समजुतीचे वय फारसे नाही, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपला जपानचे जे वेड लागले, त्यात झेनला स्थान नव्हते. पॅरिसच्या चित्रकारांना मोहविले ते उकियो-ए या रंगीत काष्ठमुद्रांनी. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगेच्या चित्रांवरून चित्रे केली, त्यांतील जपान हा फुललेल्या झाडांचा, धुवाधार पावसाचा, भडक आणि सपाट रंगांचा जपान आहे. त्या काळातील संग्राहक लाखेची पात्रे, नक्षीदार चिनी मातीची भांडी आणि रेशमी किमोनो गोळा करीत होते. याउलट, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या आवारात योशिमुरा जुन्झो या वास्तुशिल्पज्ञाने रचिलेले जपानी घर उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यात पाहिला तो रिकामी जागा, न रंगविलेले लाकूड आणि संयम यांचा जपान. देश तोच, पण सत्तर वर्षांच्या अंतराने त्याची दोन परस्परविरुद्ध ‘सारतत्त्वे’ पाश्चात्त्य रसिकांना सापडली. यावरून एवढे निश्चित होते की, सार शोधणाऱ्याची गरज बदलली की सापडणारे सारही बदलते.

२

तथापि झेनची ही प्रतिमा पाश्चात्त्यांनीच निर्माण केली, असे म्हणणे एकांगी ठरेल. तिचा आरंभ जपानमध्येच, आणि तोही एका संकटातून झालेला आहे. १८६८ मध्ये मेइजी राजवट प्रस्थापित झाल्यावर नव्या शासनाने शिंतो आणि बौद्ध उपासना एकमेकींपासून विभक्त केल्या. त्यापाठोपाठ बौद्धविरोधी क्षोभ उसळून अनेक मंदिरे आणि मूर्ती उद्ध्वस्त झाल्या. बौद्धधर्म परकीय, अंधश्रद्ध आणि राष्ट्राच्या प्रगतीस निरुपयोगी आहे, असा आक्षेप घेतला जात होता. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी बौद्ध सुधारकांची एक पिढी पुढे आली. बौद्धधर्म विज्ञानाशी सुसंगत आहे, तो तर्काला पटणारा आहे आणि तोच जपानी राष्ट्रवृत्तीचा गाभा आहे, अशी त्यांची मांडणी होती.

रिन्झाई पंथाचा आचार्य शाकू सोएन हा या पिढीचा प्रतिनिधी होय. तो केइओ येथील आधुनिक विद्यालयात शिकला होता आणि १८८७ मध्ये सिंहलद्वीपास जाऊन आला होता. ज्या शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेने १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांची कीर्ती झाली, त्याच परिषदेत सोएनचेही भाषण झाले. त्याच्या भाषणाचे इंग्रजी भाषांतर त्याचा तरुण शिष्य दाइसेत्स तेइतारो सुझुकी (१८७०–१९६६) याने केले होते. परिषदेतील परिचयातून पुढे सुझुकी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या लासाल या गावी, पॉल कारस या संपादकाच्या हाताखाली १८९७ ते १९०८ पर्यंत राहिला. विज्ञानाच्या कसोटीला उतरेल असा धर्म शोधणे, हे कारसचे जीवितकार्य होते. या कार्यालयात सुझुकीची लेखणी तयार झाली, ही गोष्ट त्याचे पुढील लेखन वाचताना विसरता येत नाही.

याच सुमारास ओकाकुरा काकुझो यानेही इंग्रजीतूनच लेखणी चालविली. १९०१–०२ मध्ये तो भारतात होता. ठाकूर कुटुंबीयांशी त्याचा स्नेह जडला, आणि आशियाच्या एकत्वाची घोषणा करणाऱ्या त्याच्या १९०३ च्या ग्रंथास भगिनी निवेदिता यांनी प्रस्तावना लिहिली. १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे चहाविषयीचे लहानसे पुस्तक तर अमेरिकन वाचकासाठीच लिहिलेले होते. रशियाशी युद्ध करून जिंकल्यावरच जपानला सुसंस्कृत म्हणू लागलेल्या पाश्चात्त्यांवर त्यात बोचरा उपरोध आहे. हे पुस्तक जपानी भाषेत आले ते १९२९ मध्ये. म्हणजे जपानी चहाविधीच्या या सुप्रसिद्ध मीमांसेशी परक्यांची ओळख आधी झाली, जपानी वाचकांची नंतर.

सुझुकीच्या बाबतीतही हाच क्रम आढळतो. झेनचा जपानी संस्कृतीवरील प्रभाव वर्णन करणारा त्याचा इंग्रजी ग्रंथ १९३८ मध्ये क्योतो येथे प्रसिद्ध झाला, १९४० मध्ये त्याचे जपानी भाषांतर निघाले आणि १९५९ मध्ये वाढविलेली इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत निघून ती जगभर गेली. विशेष हे की, सुझुकी १९२१ पासून ज्या ओतानी विद्यापीठात अध्यापन करीत होता, ते झेनचे नव्हे तर जोदो शिन्शू या अमिताभभक्तीच्या संप्रदायाचे विद्यापीठ होय. सुझुकीने या भक्तिसंप्रदायावरही आस्थेने लिहिले आहे. परंतु त्याच्या वाचकांनी त्यातून उचलले ते झेन; भक्तिमार्ग जेथल्या तेथेच राहिला.

या लेखनातील झेन हा मठ, दीक्षा, विधी आणि परंपरा यांचा झेन नव्हता. ती एक शुद्ध, शब्दातीत, कोणत्याही धर्माच्या चौकटीत न मावणारी अनुभूती होती. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट शार्फ यांनी १९९३ मधील एका निबंधात या कल्पनेची वंशावळ उलगडून दाखविली आहे. ‘धार्मिक अनुभव’ हीच धर्माची मूळ वस्तू मानणारा विचार विल्यम जेम्सच्या १९०२ च्या व्याख्यानग्रंथातून जपानमध्ये पोहोचला. निशिदा कितारो याने १९११ मध्ये ‘शुद्ध अनुभव’ ही संज्ञा आपल्या तत्त्वज्ञानाच्या केंद्रस्थानी आणली. सुझुकी हा निशिदाचा बालमित्र. तेव्हा १९५० नंतर पाश्चात्त्य वाचकाला झेनमध्ये जे अत्यंत ओळखीचे आणि तरीही अत्यंत पौर्वात्य असे काही गवसले, त्याचे एक कारण असे की, त्यातील काही भाग त्याच्याच घरून निघून, वेष पालटून परत आला होता.

या मांडणीला समकालीन विरोध झाला नाही, असे नाही. चिनी इतिहासकार हू शी याने १९५३ मध्ये हवाई येथून निघणाऱ्या तत्त्वज्ञानविषयक नियतकालिकात स्पष्ट प्रतिपादन केले की, ‘ध्याना’पासून ‘चान’ आणि ‘चान’पासून ‘झेन’ झालेली ही परंपरा चीनच्या इतिहासातील एक चळवळ आहे आणि तिचे आकलन इतिहासाच्याच संदर्भात होऊ शकते. त्याच अंकात सुझुकीने उत्तर दिले. इतिहासकाराला झेनचा देह दिसतो, प्राण दिसत नाही, असा त्या उत्तराचा मथितार्थ. हा युक्तिवाद मान्य केला तर झेनविषयी कोणतेही ऐतिहासिक विधान तपासताच येत नाही. कारण तपासणारा बाहेरचा ठरतो आणि आतला तपासण्याची गरजच मानीत नाही. पुढील काळातील बहुतेक गैरसमजांना या तटबंदीने आश्रय दिला.

३

समीकरणाची परीक्षा सामान्य विधानांपेक्षा विशिष्ट उदाहरणांवर करणे इष्ट. त्यांपैकी पहिले धनुर्विद्येचे. ऑयगेन हेरिगेल (१८८४–१९५५) हा जर्मन तत्त्वज्ञानाचा अध्यापक १९२४ ते १९२९ या काळात सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात होता. तेथे आवा केन्झो (१८८०–१९३९) या धनुर्धराकडे त्याने काही वर्षे शिक्षण घेतले. या अनुभवावर त्याने १९३६ मध्ये एक व्याख्यान दिले आणि १९४८ मध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये सुझुकीच्या प्रस्तावनेसह त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. जपानी धनुर्विद्या म्हणजे झेनसाधना, ही कल्पना जगभर पसरली ती मुख्यतः या पुस्तकामुळे.

पुस्तकाचा डोलारा दोन प्रसंगांवर उभा आहे. पहिला : गुरूने काळोखात दोन बाण सोडले, पहिला लक्ष्याच्या मध्यभागी लागला आणि दुसऱ्याने पहिल्याच्या पुच्छाचा भेद केला. दुसरा : शिष्याच्या हातून एकदा निर्दोष बाण सुटला तेव्हा गुरूने नमन करून सांगितले की, बाण शिष्याने नव्हे, ‘त्या’ने सोडला. हे ‘ते’ म्हणजे अहंकारापलीकडील तत्त्व, असा अर्थ हेरिगेलने लावला आणि वाचकांनी तो शिरोधार्य मानला.

जपानी अभ्यासक यामादा शोजी यांनी २००१ मध्ये या दोन्ही प्रसंगांची कसून छाननी केली. तिचे निष्कर्ष विचारार्ह आहेत. आवाने झेनचे रीतसर शिक्षण घेतल्याचा पुरावा नाही. १९२७ मध्ये त्याने धनुर्विद्येवर आधारलेला एक स्वतःचाच पंथ स्थापिला होता, आणि त्याच्या क्षेत्रातील अनेकांना तो विक्षिप्त वाटत असे. म्हणजे हेरिगेलचा गुरू हा जपानी धनुर्विद्येचा प्रातिनिधिक आचार्य नसून एक अपवाद होता. हेरिगेलला जपानी भाषा बेताचीच येत होती आणि शिक्षण चाले ते कोमाचिया सोझो या दुभाष्याच्या साहाय्याने. आवाचे बोलणे गूढ आणि कित्येकदा परस्परविरोधी असल्यामुळे भाषांतर करताना पुष्कळ मोकळीक घ्यावी लागे, असे या दुभाष्यानेच नमूद करून ठेविले आहे. काळोखातील बाणांच्या प्रसंगी तर दुभाषा हजरच नव्हता. दुसरा बाण पहिल्यावर लागला हा केवळ योगायोग होता, असे आवाने पुढे आपल्या एका शिष्याजवळ सांगितल्याची नोंद आहे. ‘त्या’ने बाण सोडला, या वाक्याचे मूळ जपानी रूप ‘हेच ते’, ‘आता जमले’ अशा अर्थाच्या साध्या शाबासकीचे असावे, असा यामादांचा तर्क आहे. तो तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे. पण आवाच्या इतर शिष्यांच्या आठवणींत हे ‘ते’ कोठेही आढळत नाही, या गोष्टीने त्याला पुष्टी मिळते.

तेव्हा ज्या पुस्तकाने शब्दांवाचून होणाऱ्या ज्ञानाची महती गाईली, त्याचा आधारस्तंभ भाषांतरातील एक शब्द होता. येथे हेरिगेलने वाचकांना फसविले, असे समजण्याचे कारण नाही. जर्मन गूढवादाचा अभ्यास करीतच तो जपानमध्ये आला होता आणि झेनचा शोध घेण्याचे त्याने आधीच ठरविले होते. धनुर्विद्या हे त्याला त्या शोधाचे प्रवेशद्वार वाटले. शोधणाऱ्याने जे शोधावयाचे ठरविले होते, तेच त्याला सापडले. अधिक गंभीर गोष्ट वेगळीच आहे. १९३७ मध्ये हेरिगेल नाझी पक्षाचा सभासद झाला आणि महायुद्धाच्या अखेरीस तो एर्लांगन विद्यापीठाचा प्रमुख होता. गेर्शोम शोलेम या विद्वानाने १९६१ मध्ये ही वस्तुस्थिती उघडपणे मांडली. तोपर्यंत, आणि बव्हंशी त्यानंतरही, पुस्तकाच्या वाचकांना अहंकारविलयाचा हा पुरस्कर्ता त्या वर्षांत काय करीत होता, हे विचारण्याची आवश्यकता भासली नाही.

४

दुसरे उदाहरण क्योतो येथील र्योआन-जी मंदिराच्या अश्मोद्यानाचे. सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशा आयताकृती पांढऱ्या खडीच्या पटांगणात १५ शिळा आहेत. यापलीकडे, शिळांच्या पायथ्याचे शेवाळ वगळता, काही नाही. आज हे उद्यान म्हणजे झेनचे मूर्त रूप मानले जाते आणि १९९४ मध्ये क्योतोच्या इतर वास्तूंबरोबर त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

इतिहास मात्र याविषयी बराच मितभाषी आहे. मंदिर १४५० मध्ये होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने स्थापिले, ओनिनच्या युद्धात ते जळाले आणि नंतर पुन्हा उभे राहिले. उद्यान कोणी व केव्हा रचिले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १७९७ मध्ये मंदिराला पुन्हा आग लागली. १७९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्योतोच्या उद्यानांच्या सचित्र मार्गदर्शिकेत हे उद्यान आढळते. पण त्या चित्रात खडीच्या पटांगणात पाहुणे वावरताना दिसतात. त्या काळी या मंदिराची ख्याती होती ती अश्मोद्यानापेक्षा आवारातील मोठ्या तळ्याची आणि त्यावरील बदकांच्या जोड्यांची. शिळांच्या मांडणीस लोकांनी नाव दिले होते ‘वाघिणीचे पिलांना नदीपार नेणे’. ही एक प्रसिद्ध चिनी कथा होय. म्हणजे पूर्वीच्या प्रेक्षकाला या शिळांत शून्यता दिसत नव्हती, एक गोष्ट दिसत होती.

‘झेन उद्यान’ हा शब्दप्रयोग तरी कधीचा? उद्यानशास्त्राचे डच अभ्यासक वीबे काउटर्ट यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, तो प्रथम आढळतो अमेरिकन लेखिका लोरेन कुक हिच्या क्योतोच्या उद्यानांवरील १९३५ च्या इंग्रजी पुस्तकात. सुझुकीच्या लेखनाचा परिणाम त्या विवेचनात स्पष्ट आहे. जपानी भाषेत तत्सम शब्द रूढ झाला तो महायुद्धानंतर.

या नामकरणाने काय साधले यापेक्षा काय लोपले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. मुरोमाची काळातील अनेक उत्कृष्ट उद्याने ज्यांनी रचली, ते ‘कावारामोनो’ म्हणजे नदीकाठचे लोक होत. जनावरांची कातडी सोलणे, ती कमाविणे यांसारखी कामे त्यांच्याकडे असल्यामुळे ते अपवित्र समजले जात. शोगुन आशिकागा योशिमासा याच्या पदरी असलेला थोर उद्यानकार झेनआमी याच समाजातून वर आला. नामसादृश्याने येथे कोणी फसू नये. ‘आमी’ हा प्रत्यय अमिताभाच्या भक्तांच्या नावांत येतो आणि त्याचा संबंध जि या भक्तिपंथाशी आहे. त्याच्याच घराण्यातील माताशिरो याने, आपण खाटकाच्या घरी जन्मलो याचे मनाला दुःख आहे, म्हणून प्राणिहत्या न करण्याचा आणि लोभ न धरण्याचा निश्चय केला आहे, असे उद्गार काढल्याची नोंद एका समकालीन झेन भिक्षूच्या रोजनिशीत आहे. र्योआन-जीच्या एका शिळेच्या पाठीवरही दोन नावे कोरलेली आढळतात, ती अशाच कारागिरांची असावीत, असे मानले जाते. उद्यानाला ‘झेनचा आविष्कार’ म्हटले की, त्याचा कर्ता एक अमूर्त तत्त्व ठरते आणि ज्यांनी शिळा निवडल्या, वाहिल्या आणि मातीत रोवल्या त्या अस्पृश्यप्राय माणसांचे कर्तृत्व नाहीसे होते. ज्या समाजात कारागिराचा हात आणि त्याची जात यांचा प्रश्न अद्याप जिवंत आहे, त्या समाजातील अभ्यासकाला हा लोप किरकोळ वाटता कामा नये.

५

तिसरे उदाहरण हायकूचे, आणि त्याचा मराठी वाङ्मयाशी प्रत्यक्ष संबंध आहे. आर. एच. ब्लाइथ या इंग्रज लेखकाने १९४९ ते १९५२ या काळात हायकूचे चार खंड प्रसिद्ध केले. सुझुकीचे ऋण त्याने मुक्तकंठाने मान्य केले असून हायकूचे आकलन झेनच्या दृष्टीनेच व्हावे, असे त्याचे मत होते. १९५७ मध्ये केनेथ यासुदा याने ‘हायकू-क्षणा’ची कल्पना मांडली : कवी आणि वस्तू यांचे द्वैत मावळून जो क्षण प्रकटतो तो म्हणजे हायकू. १९५८ मध्ये जॅक केरुअॅकची झेनवेड्या भटक्यांवरची कादंबरी आली आणि हायकू हा अमेरिकन तरुण पिढीचा काव्यप्रकार बनला. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजविला तोही मूळ जपानीतून नव्हे, तर इंग्रजीच्या मार्गाने. मराठी विवेचनात हायकू म्हणजे ‘क्षणाची कविता’ ही व्याख्या आढळते, तिची पाळेमुळे या इंग्रजी परंपरेपर्यंत जातात.

जपानी काव्येतिहासाची साक्ष काय आहे? बाशो (१६४४–१६९४) याने बुच्चो या भिक्षूकडे झेनचे काही शिक्षण घेतले होते, हे खरे. पण त्याची कला ‘हाइकाई’ची, म्हणजे अनेक कवींनी एकत्र बसून गुंफलेल्या, विनोद आणि विडंबन यांना मुक्तद्वार देणाऱ्या काव्यमालेची होती. मालेतील पहिला चरणगुच्छ हा पुष्कळदा यजमानाला उद्देशून केलेला नमस्कार असे. त्यात ऋतुसूचक शब्द हवा, पूर्वसूरींच्या ओळींचे पडसाद हवेत आणि ते ओळखणारे सहृदय श्रोतेही हवेत. ‘हायकू’ हे नाव आणि स्वतंत्र काव्य म्हणून त्याची प्रतिष्ठा या गोष्टी मासाओका शिकीच्या म्हणजे १८९० नंतरच्या काळातील. बाशोच्या १६८९ च्या उत्तरयात्रेचे वृत्त हे प्रत्यक्षानुभवाचा नितळ आलेख समजले जाई. परंतु त्याचा सहप्रवासी सोरा याची दैनंदिनी १९४३ मध्ये प्रकाशात आली आणि बाशोने प्रसंगांची जुळवाजुळव कशी केली, कविता वर्षानुवर्षे कशा पुनःपुन्हा घासल्यापुसल्या, हे स्पष्ट झाले. बुसोन (१७१६–१७८४) याची मृत पत्नीची फणी पायाखाली येण्याविषयीची हृदयद्रावक कविता प्रसिद्ध आहे. ती लिहिली तेव्हा त्याची पत्नी हयात होती. इस्सा (१७६३–१८२८) हा तर अमिताभाचा भक्त. त्याच्या करुणेचे मूळ झेनमध्ये शोधणे म्हणजे तुकारामाच्या अभंगांचा उलगडा अद्वैताच्या एखाद्या प्रकरणग्रंथावरून करण्यासारखे होय. हारुओ शिराने यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात आणि त्यानंतरच्या लेखनात हे सारे साधार मांडून सांगितले आहे की, बाशो आणि बुसोन यांची काव्यसृष्टी कल्पना, परंपरा आणि संवाद यांनी घडलेली आहे. केवळ समोरच्या क्षणाचे निवेदन हा तिचा धर्म नव्हे.

यावरून मराठी हायकू चुकीच्या पायावर उभा आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. काव्यप्रकार एका भाषेतून दुसरीत जाताना नवा जन्म घेतो आणि त्याची योग्यता त्या भाषेतील कवितेवरून ठरते. आक्षेप आहे तो कवींवर नव्हे, समीक्षेवर. मराठी हायकूच्या घडणीतून निघालेली व्याख्या बाशोला लावून जेव्हा त्याचे ‘मूळ’ स्वरूप सांगितले जाते, तेव्हा प्रतिबिंबावरून बिंब पारखण्याचा प्रकार घडतो.

६

या समीकरणाचा शेवटचा आणि सर्वांत विलक्षण टप्पा म्हणजे त्याचे स्वगृही परतणे. हिसामात्सु शिनइची याने १९५८ मध्ये झेन आणि ललितकला यांवरील आपल्या जपानी ग्रंथात असममिती, साधेपणा, नैसर्गिकता इत्यादी सात लक्षणे निश्चित केली. ही लक्षणे ज्या कृतींत आढळतात त्या झेनच्या, आणि झेनच्या कृतींत ही लक्षणे आढळतात, असे हे वर्तुळ आहे. १९६८ मध्ये कावाबाता यासुनारी याने स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिक स्वीकारताना जे भाषण केले, त्यात सुंदर जपानची ओळख करून देताना दोगेन, इक्क्यू, र्योकान या झेन भिक्षूंच्या वचनांचा मोठा आधार घेतला. १९९४ मध्ये ओए केन्झाबुरो याने त्याच व्यासपीठावरून, कावाबाताच्या भाषणशीर्षकाला मुद्दाम प्रतिध्वनी देऊन, ‘सुंदर’ या विशेषणाऐवजी ‘संदिग्ध’ हे विशेषण निवडले आणि आशियावर आक्रमण करणाऱ्या जपानची आठवण करून दिली. जपानी संस्कृतीच्या आत्मचित्रणातील दोन वाटा येथे स्पष्टपणे विभागलेल्या दिसतात.

ओएने दाखविलेल्या वाटेवर झेनच्या प्रतिमेची खरी कसोटी लागते. शिकागोच्या परिषदेत युद्धाऐवजी लवादाचा पुरस्कार करणारा शाकू सोएन १९०४ च्या रशिया-जपान युद्धात सैन्याबरोबर धर्मोपदेशक म्हणून गेला आणि टॉलस्टॉयच्या युद्धविरोधी आवाहनाला साथ देण्याचे त्याने नाकारले. सुझुकीच्या १९३८ च्या ग्रंथात तलवार आणि सामुराई यांना मोठी जागा आहे. १९९७ मध्ये ब्रायन व्हिक्टोरिया यांनी युद्धकाळातील झेन आचार्यांच्या वचनांचे जे संकलन प्रसिद्ध केले, त्याने जपानमधील काही झेन संस्थांना जाहीर आत्मपरीक्षण करणे भाग पडले. सुझुकीच्या व्यक्तिगत भूमिकेविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही आणि व्हिक्टोरिया यांच्या अवतरणपद्धतीवरही आक्षेप घेतले गेले आहेत. परंतु मूळ प्रश्न त्या वादाहून मोठा आहे. महायुद्धानंतर अवघ्या दहा वर्षांत जपानची प्रतिमा क्रूर शत्रूऐवजी निःशब्द शांतीचा देश अशी पालटली, त्यात झेनचा वाटा मोठा होता. अमेरिकेला नवा मित्र हवा होता आणि जपानला नवा चेहरा. काळाच्या पलीकडे असलेल्या संस्कृतीला नुकत्याच घडलेल्या गोष्टींचा जाब विचारता येत नाही, ही सोय दोघांनाही मानवली.

या प्रतिमेबाहेर जे राहिले, त्याची गणतीही आवश्यक आहे. जोदो आणि जोदो शिन्शू या भक्तिसंप्रदायांचे विशाल अनुयायिवर्ग, निचिरेनचे आक्रमक पंथ, निक्को येथील तोशो-गूची सोन्याने आणि रंगांनी मढलेली मंदिरे, काबुकीचा भडकपणा, ओसाकाच्या व्यापाऱ्यांचे बेरकी, हसरे वाङ्मय, हे सारे ‘खऱ्या’ जपानच्या हद्दीबाहेर ढकलले गेले. खुद्द झेनमंदिरांचे दैनंदिन जीवनही त्या प्रतिमेत बसत नाही. सर्वसामान्य सोतो मंदिराचा पुरोहित अंत्यविधी आणि पितरांची श्राद्धे यांत गुंतलेला असतो आणि त्याच्या यजमानांपैकी फारच थोडे ध्यानास बसतात.

७

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, झेनचा प्रभाव हा इतिहासातील सत्य भाग आहे. तो नाकारता येत नाही आणि येथे नाकारलेलाही नाही. क्योतो आणि कामाकुरा येथील ‘पाच पर्वत’ मंदिरे ही चौदाव्या-पंधराव्या शतकांत चिनी विद्येची केंद्रे होती. सेश्शू हा मसीचित्रकार झेन भिक्षू होता. चहाविधीचा महान आचार्य रिक्यू याचा दाइतोकु-जी या झेन मंदिराशी निकट संबंध होता. पण नेमके हे संबंध शोधू लागले की, समोर येते ती मंदिरांची मालमत्ता, चीनशी व्यापार, सरदारांचा आश्रय, चित्रसंग्रह आणि विद्वान भिक्षूंची चिनी कविता. ज्या झेनने जपानी संस्कृती घडविली तो शब्दांत, ग्रंथांत आणि व्यवहारात आकंठ बुडालेला होता; शब्दातीत अनुभूतीचा झेन हा त्याचा विसाव्या शतकातील वारस होय. वारसाची मुद्रा पूर्वजाच्या चेहऱ्यावर उमटवून पूर्वजाला ओळखता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, गैरसमजही सर्जक असू शकतो. जॉन केज याने सुझुकीची कोलंबिया विद्यापीठातील व्याख्याने ऐकली आणि पाश्चात्त्य संगीताला मौनाचे नवे भान दिले. हेरिगेलच्या पुस्तकाने अनेकांना धनुर्विद्येकडे ओढले, आणि त्यांतील काहींनी जपानमध्ये जाऊन प्रामाणिक परिश्रमाने ती कला आत्मसात केली. हे मान्य करावयास हवे. तथापि कलावंताला लाभणारी मोकळीक अभ्यासकाला उपलब्ध नाही. कलावंताने परक्या परंपरेतून काय घेतले, यावर त्याची परीक्षा होते. अभ्यासकाने त्या परंपरेविषयी काय सांगितले, यावर त्याची. केजचे मौन खरे की खोटे, हा प्रश्न उद्भवत नाही. आवाने ‘ते’ म्हटले की नाही, हा प्रश्न उद्भवतो.

भारतीय अभ्यासकाला या प्रकरणातून एक व्यावहारिक कसोटी मिळते. जपानविषयीचे, आणि तेवढ्याच प्रमाणात भारताविषयीचे, एखादे विधान समोर आले असता चार गोष्टी विचाराव्या : ते विधान प्रथम कोणत्या भाषेत आणि कोणासाठी केले गेले, ते ज्या वस्तूविषयी आहे तिच्या समकालीनांनी तिच्याकडे कसे पाहिले होते, त्या विधानाने कोणाचे श्रम आणि कोणाची श्रद्धा दृष्टिआड होते, आणि ते खोटे ठरविण्याचा एखादा तरी मार्ग उपलब्ध आहे काय. झेन आणि जपानी संस्कृती यांचे समीकरण या चारही प्रश्नांवर अडखळते. मराठीतून जपानचा अभ्यास करणाऱ्याला इंग्रजीचा पूल टाळणे नेहमीच शक्य होईल असे नाही; परंतु पुलावर जकात घेतली जाते आणि पलीकडे पोहोचणारा माल पुरता तोच नसतो, एवढे तरी त्याने लक्षात ठेवावयास हवे. र्योआन-जीच्या शिळा पाहताना शून्यतेचा विचार मनात आला तर त्यात वावगे काही नाही. त्यांपैकी एका शिळेच्या पाठीवर कोरलेली दोन नावेही आठवावीत, एवढीच अपेक्षा आहे.